प्रयोगशाळेतील शब्दार्थ : माध्यमिक शाळेतील पदार्थविज्ञानाच्या अध्ययनाचा एक विचार

१. 'प्रयोग' या शब्दाचे तीन अर्थ

मराठीत 'प्रयोग' हा शब्द तीन निरनिराळ्या क्षेत्रांत रूढ आहे. व्याकरणात तो कर्ता, कर्म व क्रियापद यांच्या परस्परसंबंधाचा वाचक आहे. रंगभूमीवर नाटक प्रेक्षकांसमोर एकवार करून दाखविणे म्हणजे प्रयोग. आणि प्रयोगशाळेत एखाद्या शंकेचे उत्तर प्रत्यक्ष वस्तूंकडून मिळविणे, हाही प्रयोगच. योजणे, उपयोगात आणणे हा मूळचा धात्वर्थ तिन्ही ठिकाणी कायम असल्यामुळे भाषेला या अनेकार्थतेची अडचण होत नाही. माध्यमिक शाळेतील पदार्थविज्ञानाच्या तासाला मात्र हे तीन अर्थ पुष्कळदा एकमेकांच्या जागा घेतात. शिक्षक टेबलावर उपकरण मांडून जे घडवून दाखवितात, तो स्वरूपतः रंगभूमीवरचा प्रयोग असतो. विद्यार्थी वहीत 'गोळा टांगावा, दोलने मोजावीत' असे उतरवून घेतो, तो व्याकरणातला कर्मणी प्रयोग होय. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो तिसरा प्रयोग तेवढा राहून जातो.

हा तिसरा प्रयोग राहून गेल्याने नेमके काय गमावले जाते, याचे उत्तर सामान्यतः शिक्षणशास्त्राच्या अंगाने दिले जाते : विद्यार्थ्याची गोडी कमी होते, हाताला कौशल्य येत नाही, स्मरण टिकत नाही. ही उत्तरे खोटी नाहीत. परंतु ती अपुरी आहेत. भाषेच्या अंगाने पाहिले असता असे दिसून येते की, प्रयोग हे पदार्थविज्ञानातील शब्दांना अर्थ प्राप्त होण्याचे मुख्य स्थान आहे. ते स्थान नाहीसे झाले म्हणजे शब्द उरतात, व्याख्याही उरतात, पण त्यांचा अर्थ विद्यार्थ्याच्या घरच्या बोलीतलाच राहतो.

२. परिचित शब्दांची अडचण

पदार्थविज्ञानाच्या मराठी परिभाषेत दोन प्रकारचे शब्द आढळतात. 'विभवांतर', 'त्वरण', 'अपवर्तन' यांसारखे काही शब्द शास्त्राच्या गरजेपोटी घडविलेले आहेत. बल, शक्ती, वेग, दाब, वजन, उष्णता, कार्य हे शब्द मात्र व्यवहारात आधीपासून वावरत होते. शास्त्राने ते उचलून त्यांना मर्यादित अर्थ दिला. पहिला वर्ग अवघड व दुसरा सोपा, असा एक सर्वसाधारण समज आहे. परिभाषेवर होणारी टीकाही बहुतेक पहिल्या वर्गाला उद्देशून असते. वस्तुस्थिती बऱ्याच अंशी याच्या उलट आहे. अपरिचित शब्द विद्यार्थ्याला थांबवितो आणि आपल्याला हा कळलेला नाही याची जाणीव देतो. परिचित शब्द अशी जाणीव देत नाही. डोक्यावर पोते घेऊन स्थिर उभा असलेला हमाल शास्त्रीय अर्थाने त्या पोत्यावर काहीच कार्य करीत नाही, हे विधान विद्यार्थी परीक्षेत बिनचूक लिहितो आणि वर्गाबाहेर पडताच ते सोडून देतो. कारण 'काम' या शब्दाचा त्याचा अनुभव जागचा हललेला नसतो.

लेव्ह विगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने विचार आणि भाषा यांच्या संबंधावरील आपल्या १९३४ च्या ग्रंथात दैनंदिन संकल्पना व शास्त्रीय संकल्पना असा भेद केला आहे. दैनंदिन संकल्पना अनुभवातून वर चढते, तर शास्त्रीय संकल्पना व्याख्येतून खाली उतरते. दोहोंची गाठ पडल्यावाचून खरे आकलन होत नाही, असे त्याच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल. पदार्थविज्ञानवेत्ता पर्सी ब्रिजमन याने १९२७ साली याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. एखाद्या भौतिक राशीचा अर्थ ती मोजण्याच्या कृतीत असतो, असे त्याचे म्हणणे होते. हे मत तत्त्वज्ञानात पुढे सर्वस्वी मान्य झाले नाही. तथापि शाळेतील प्रयोगशाळेपुरते ते फार उपयुक्त आहे. तापमान म्हणजे काय, हे सांगण्याआधी तापमान कसे मोजावयाचे हे हाताला कळले, तर व्याख्येचे निम्मे काम झालेले असते. पुढील तीन साध्या प्रयोगांवरून हे अधिक स्पष्ट होईल.

३. उष्ण आणि थंड

मराठी घरात 'उष्ण' व 'थंड' हे शब्द केवळ स्पर्शाचे वाचक नाहीत. पपई उष्ण, ताक थंड. अंगात उष्णता वाढते, डोळ्यांना थंडावा मिळतो. वस्तूच्या ठायी उष्णता किंवा थंडपणा हा एक स्वभाव म्हणून वसत असतो, अशी कल्पना या भाषेत गृहीत आहे. म्हणून वर्गातील बाकाचे लाकूड आणि त्याच बाकाचा लोखंडी पाय यांना हात लावून पाहिल्यावर 'लोखंड थंडच असते' हे वाक्य विद्यार्थी सहज उच्चारतो आणि लोखंडाचे तापमान कमी असणार, असे निःशंकपणे सांगतो.

आता दोन तापमापक घेऊन एकाचा फुगा लाकडास व दुसऱ्याचा लोखंडास टेकवून बांधला आणि काही वेळ तसाच राहू दिला, तर दोहोंत एकच अंश दिसतो. हा आकडा पाहून विद्यार्थी प्रथम तापमापकावर संशय घेतो. तो संशय मोलाचा आहे. तापमापकांची अदलाबदल करून पाहण्याची मुभा त्याला मिळाली पाहिजे. अदलाबदल होऊनही आकडा बदलत नाही, तेव्हा संशय तापमापकावरून उठून स्वतःच्या हातावर व आपल्या शब्दावर येतो. हात तापमान मोजत नाही. हातातून उष्णता किती झपाट्याने निघून जाते, हे त्याला जाणवते. लोखंड उष्णतेचे सुवाहक असल्याने ती लवकर ओढून घेते, लाकूड घेत नाही. मग विदर्भात मे महिन्याच्या दुपारी, हवेचे तापमान ४४-४५ अंश सेल्सिअस असता, सावलीतले तेच लोखंड लाकडापेक्षा अधिक गरम का लागते, याचाही उलगडा होतो. त्या वेळी उष्णतेचा ओघ हाताकडे वाहत असतो. 'थंड स्वभावाचे' लोखंड ऋतुमानाप्रमाणे आपला स्वभाव बदलीत नाही, हे उघड आहे.

याला जोडून बर्फाचा प्रयोग करता येतो. सारख्या आकाराचे बर्फाचे दोन तुकडे घेऊन एक उघड्या बशीत ठेवावयाचा व दुसरा घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळावयाचा. घोंगडी 'ऊब देते' या भाषेवर विसंबून, गुंडाळलेला बर्फ आधी वितळेल असे भाकीत पुष्कळ विद्यार्थी करतात. प्रत्यक्षात तो मागे राहतो. बर्फ गोणपाटात व लाकडाच्या भुशात ठेवण्याची विक्रेत्यांची रीत विद्यार्थ्याने अनेकदा पाहिलेली असते. परंतु ती रीत आणि 'ऊब' हा शब्द यांची गाठ प्रयोगापूर्वी पडलेली नसते.

४. वीज 'खाणारा' दिवा

विजेविषयीची बोली आणखी बोलकी आहे. हीटर फार वीज खातो, मीटर पळतो, बॅटरी उतरते. या सर्व प्रयोगांत वीज ही वापरून संपणारी वस्तू आहे. त्यामुळे दोन सारखे दिवे एकापुढे एक जोडले तर पहिल्या दिव्याला अधिक प्रवाह मिळेल, त्याने खाऊन उरलेला दुसऱ्याला मिळेल आणि दुसरा मंद जळेल, असा तर्क विद्यार्थी करतो. हा तर्क मराठी भाषिकांपुरता मर्यादित नाही. अनेक देशांतील विद्यार्थ्यांच्या उत्तरांत तो संशोधकांना आढळला आहे.

एक विद्युतघट, तारा, विजेरीचे दोन सारखे दिवे आणि एक ॲमीटर एवढ्या सामग्रीवर याची परीक्षा होते. दोन्ही दिवे सारखेच उजळतात. मात्र एकच दिवा असता जेवढा उजेड पडला असता, त्याहून दोन्ही मंद असतात. दिव्यांची अदलाबदल केली तरी फरक पडत नाही. नंतर ॲमीटर पहिल्या दिव्याच्या आधी, दोन दिव्यांच्या मध्ये व शेवटी असा तीन ठिकाणी जोडून पाहिला, तर तिन्ही वाचने एकच येतात. दिव्याने प्रवाह खाल्लेला नाही.

येथे शिक्षकाकडून एक चूक होण्याचा संभव असतो. 'वीज खाणे' हा बोलण्याचा प्रकार अडाणीपणाचा आहे असे सांगून तो निकालात काढला, तर विद्यार्थी गोंधळतो; कारण घरी दरमहा बिल येते आणि घट खरोखरच उतरतो. काहीतरी खर्च होते, हे बोलीचे म्हणणे खरे आहे. ते 'काहीतरी' म्हणजे विद्युतधारा नव्हे, तर ऊर्जा होय. घरचा मीटर ज्या युनिटात मोजतो तो किलोवॉट-तास हे ऊर्जेचेच एकक आहे. बोलीने 'वीज' या एका शब्दात दोन राशी एकत्र बांधल्या होत्या. ॲमीटरने त्या सोडवून वेगळ्या केल्या. परिभाषेची गरज का निर्माण होते, हे विद्यार्थ्याला अशा वेळी जितके पटते तितके व्याख्येने कधीच पटत नाही.

५. लोलक आणि 'जोरात' हा शब्द

साधा लोलक हा शालेय प्रयोगांतील बहुधा सर्वांत जुना व सर्वांत यांत्रिकपणे केला जाणारा प्रयोग असेल. एक दोरा, एक गोळा, मोजपट्टी व सेकंद मोजणारे घड्याळ एवढ्यावर तो होतो. त्यात भाषेचे किती प्रश्न दडलेले आहेत, हे मात्र क्वचितच ध्यानात घेतले जाते.

झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला मोठा झोका दिला तर तो 'जोरात' जातो. म्हणून लोलक अधिक बाजूस ओढून सोडला तर एक दोलन कमी वेळात पुरे होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. मोजून पाहता, लहान कोनांच्या मर्यादेत, वेळात फरक पडत नाही. म्हणजे 'जोरात' या शब्दात 'अधिक वेगाने' व 'कमी वेळात' हे दोन अर्थ मिसळलेले होते. मोठ्या झोक्यात गोळा मधल्या ठिकाणी खरोखरच अधिक वेगाने जातो; पण त्याला अंतरही अधिक तोडावयाचे असते. गॅलिलिओने १६०२ सालच्या एका पत्रात लोलकाच्या या समकालिकतेचे प्रतिपादन केले. तो मोठ्या कोनांनाही हा नियम लावीत असे, आणि तेथे मात्र तो चुकत होता : ६० अंशांच्या कोनातून सोडलेल्या लोलकाचा आवर्तकाल अगदी लहान झोक्याच्या मानाने सुमारे ७ टक्क्यांनी जास्त भरतो. ही तफावत साध्या घड्याळानेही पकडता येते. नियम कोठपर्यंत लागू आहे, हे विचारण्याची सवय लागण्यास याहून चांगला प्रसंग मिळणे कठीण.

लांबीचा परिणामही असाच तपासता येतो. २५ सेंटिमीटर लांबीच्या लोलकाच्या २० दोलनांस सुमारे २० सेकंद लागतात. लांबी चौपट, म्हणजे १०० सेंटिमीटर केली, तर वेळ चौपट न होता दुप्पट, सुमारे ४० सेकंद होतो. एकच दोलन न मोजता २० का मोजावयाची, याचे कारणही येथेच कळते. घड्याळाची कळ दाबण्यात ०.२ सेकंदाची चूक झाली, तर एका सेकंदाच्या एका दोलनात ती २० टक्के होते. २० दोलनांत ती १ टक्क्यावर येते.

मोजणीतील सर्वांत सामान्य चूक तर निव्वळ भाषिक आहे. गोळा सोडताना विद्यार्थी 'एक' म्हणतो. वस्तू मोजताना एकापासून आरंभ करावयाचा असतो. अंतरे मोजताना शून्यापासून. सहा खांबांत पाचच खण असतात, हे जुन्या घरांची मोजणी खणांवरून करणाऱ्या समाजाला नवे नाही. तरी 'एक' म्हणून गोळा सोडणारा विद्यार्थी 'वीस' म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात १९ दोलने झालेली असतात. आवर्तकाल ५ टक्क्यांनी कमी भरतो, आणि गुरुत्व त्वरणाचे उत्तर ९.८ च्या जागी १०.८ च्या घरात जाते. हे उत्तर खोडून पुस्तकातील आकडा लिहिणे सोपे असते. १०.८ कोठून आले याचा माग काढणे, हेच पदार्थविज्ञान होय.

पुस्तकातील आकडा सर्वत्र तोच नसतो, हेही लोलकानेच प्रथम दाखवून दिले. १६७२ साली झां रिशेर हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळील कायेन येथे गेला असता, पॅरिसमध्ये बरोबर चालणारे त्याचे लोलकाचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. लोलक किंचित आखूड करावा लागला. न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात या निरीक्षणाचा उपयोग पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे या प्रतिपादनासाठी केला. स्थान बदलताच वजन बदलते, वस्तुमान बदलत नाही, हा शाळेत पाठ केला जाणारा भेद अशा एका मागे पडणाऱ्या घड्याळात प्रत्यक्ष दिसला होता.

६. प्रयोगवहीचे व्याकरण

साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान ही प्रयोगवहीतील मथळ्यांची मांडणी निर्दोष आहे. न्यायशास्त्रानेही प्रत्यक्ष व अनुमान ही प्रमाणे पृथक मानली आहेत. दोष मांडणीत नसून क्रियापदांत आहे. प्रयोगाच्या विचारात तीन वेगळी विधाने येतात आणि मराठी भाषेने त्यांना तीन वेगळी रूपे दिली आहेत. भाकीत भविष्यकाळात असते : 'बर्फ आधी वितळेल.' निरीक्षण भूतकाळात असते : 'उघडा तुकडा आधी वितळला.' नियम रीतिवर्तमानात असतो : 'घोंगडीतून उष्णता सावकाश वाहते.' पहिल्या रूपात विद्यार्थी स्वतःला बांधून घेतो, दुसऱ्यात साक्ष देतो, तिसऱ्यात साक्षीपलीकडचे विधान करण्याचे धाडस करतो.

प्रत्यक्षात पुष्कळ वह्यांमध्ये भविष्यकाळ मुळीच नसतो. कारण भाकीत कोणी विचारलेलेच नसते. कृती विध्यर्थात असते — 'दोरा बांधावा', 'काळ मोजावा' — कारण ती पुस्तकातून उतरलेली असते. करणारा अजून कोणी व्हावयाचा आहे, असाच त्या रूपाचा ध्वनी आहे. निरीक्षण 'असते', 'होते' अशा रीतिवर्तमानात लिहिलेले असते. म्हणजे साक्षीच्या जागी नियमच येऊन बसलेला असतो. अशा वहीत प्रयोग झाला की नाही, हे व्याकरणावरूनच सांगता येते. याउलट 'पहिल्या वेळी दोरा खिळ्यावरून सरकला, म्हणून ते वाचन सोडून दिले' असे एखादे ओबडधोबड वाक्य वहीत आढळले, तर तेथे हात आणि बुद्धी दोन्ही चालल्या होत्या, असे मानावयास हरकत नाही. गुण मात्र बहुधा स्वच्छ वहीला मिळतात.

ज्या विद्यार्थ्याच्या घरी अहिराणी, वारली किंवा गोंडी बोलली जाते, त्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. प्रमाण मराठीतील व्याख्या ही त्याला दुहेरी परकी असते. जेथे पदार्थविज्ञान इंग्रजीतून व इतर विषय मराठीतून शिकविले जातात, तेथे विद्यार्थी टेबलापाशी एका भाषेत बोलतो आणि वहीत दुसऱ्या भाषेत लिहितो. अशा वर्गात लोलक, दिवा व बर्फ याच सर्वांना समान असलेल्या गोष्टी होत. त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांना आपल्या बोलीत वाद घालू दिला, तर परिभाषेचा शब्द शेवटी नाव म्हणून येतो आणि तो टिकतो.

७. एक आक्षेप

येथे एक रास्त आक्षेप उपस्थित होतो. प्रयोग केल्याने आकलन वाढतेच, असा पुरावा आहे काय? इयन अब्राहम्स व रॉबिन मिलर यांनी इंग्लंडमधील माध्यमिक शाळांच्या २५ तासांचे निरीक्षण करून २००८ साली जो निष्कर्ष मांडला, तो विचार करावयास लावणारा आहे. नेमून दिलेली कृती विद्यार्थ्यांकडून करवून घेण्यात शिक्षक बहुतांशी यशस्वी होत; त्या कृतीचा संबंधित कल्पनांशी विचारपूर्वक संबंध जोडून देण्यात मात्र फारच कमी. हात चालले, पण विचार चालला नाही. या निष्कर्षाने प्रयोगशाळेची निरुपयोगिता सिद्ध होत नाही. केवळ कृती म्हणजे प्रयोग नव्हे, एवढे सिद्ध होते. पाककृतीप्रमाणे पायऱ्या वाचून केलेला प्रयोग हा अखेर दुसऱ्याच्या वाक्यांचा उच्चार असतो.

उलट बाजूचे एक उदाहरण भारतातच आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ माध्यमिक शाळांतून, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांतून, विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. १९७८ पासून तो जिल्हाभर पसरला आणि २००२ साली राज्य शासनाने तो बंद करीपर्यंत चालला. त्याच्या 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत तयार उत्तरे नसत. प्रयोगाच्या सूचना व प्रश्न असत, आणि उत्तर विद्यार्थ्यांनी गटात चर्चा करून स्वतःच्या वाक्यांत लिहावयाचे असे. परीक्षेत पुस्तक जवळ बाळगण्याची मोकळीक होती व प्रात्यक्षिकाचीही परीक्षा होती. हा कार्यक्रम हायस्कूलच्या आधीच्या वर्गांचा व हिंदीतला असला, तरी त्यातील बोध येथेही लागू आहे. स्वतःचे वाक्य लिहिण्यास परीक्षेने जागा ठेवली, तरच वर्ग ती ठेवतो.

८. उपसंहार

वर वर्णिलेल्या प्रयोगांस लागणारी सामग्री थोडी आहे; दोरा, बर्फ, घोंगडी, दोन तापमापक, दोन दिवे आणि एक ॲमीटर. खरी टंचाई वेळेची आहे. भाकीत करावयास, चुकावयास, उपकरणावर संशय घ्यावयास आणि मग आपले वाक्य दुरुस्त करावयास जो वेळ लागतो, तो वेळापत्रकात कोठेच धरलेला नसतो. परिभाषा अधिक सुलभ करावी की अधिक काटेकोर, हा वाद भाषाभ्यासकांत जुना आहे. परंतु कोश शब्दाला केवळ स्थान देऊ शकतो. 'उष्णता' हा शब्द ज्या दिवशी तापमापकाच्या काचेवर विद्यार्थ्याच्या अपेक्षेविरुद्ध आकडा दाखवितो, त्या दिवशी तो त्या विद्यार्थ्यापुरता शास्त्राचा शब्द होतो. तो दिवस शाळेच्या वर्षात यावा, एवढीच प्रयोगशाळेकडून अपेक्षा आहे.